फिटनेस कोण देतं?

२००७च्या नोव्हेंबरमध्ये डोंडा वेस्ट वारल्या तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापक, रॅपर कान्ये वेस्टची आई. लॉस एंजेलिसमध्ये आदल्याच दिवशी त्यांचं लायपोसक्शन आणि स्तनांची शस्त्रक्रिया झाली होती. रात्री रुग्णालयात न राहता त्या घरी गेल्या होत्या. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि शस्त्रक्रियेनंतरचे अनेक घटक, असं मृत्यूचं कारण शवविच्छेदनानंतर नोंदलं गेलं. पुढे आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्याआधी त्या दुसऱ्या एका सर्जनकडे गेल्या होत्या आणि फिजिशियनकडून फिटनेसचा दाखला आणल्याशिवाय आपण हात लावणार नाही, असं त्याने त्यांना सांगितलं होतं. त्या पुन्हा त्याच्याकडे फिरकल्या नाहीत.

यातून कॅलिफोर्नियात एक कायदा झाला. १ जानेवारी २०१०पासून लागू असलेला हा कायदा डोंडा वेस्ट यांच्याच नावाने ओळखला जातो. सौंदर्यासाठी करायच्या शस्त्रक्रियेआधी ३० दिवसांच्या आत रुग्णाची शारीरिक तपासणी झालेली असावी, तिचा वैद्यकीय पूर्वेतिहास घेतलेला असावा आणि शस्त्रक्रियेला हरकत नाही असं डॉक्टरने लेखी दिलेलं असावं, एवढंच तो सांगतो. हिमोग्लोबिन, ईसीजी, छातीचा एक्स-रे अशी कुठलीही यादी त्यात नाही. हे मला शहाणपणाचं वाटतं. पण त्याच कायद्यात एक खिंडारही आहे. हा लेखी दाखला शस्त्रक्रिया करणारा सर्जन स्वतःही देऊ शकतो. ज्याचा धंदा शस्त्रक्रिया होण्यावर चालतो, तोच ती व्हावी की नाही हे ठरवणार!

अशा शस्त्रक्रियेआधी तपासण्या हव्यात का, हे आपल्याकडे कुणालाही विचारा, 'तपासण्या हव्यातच की!' असं उत्तर येईल. पण तपासण्या म्हणजे नेमकं काय, त्या कुणी सांगायच्या, त्यांचा अर्थ कुणी लावायचा, आणि अर्थ गैरसोयीचा निघाला तर पुढे काय, इथे गाडी अडते. आपल्या शहरांतल्या कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये जाऊन आलेल्यांना ती फाइल ठाऊक असेल. सीबीसी, शुगर, क्रिएटिनीन, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी, वर एक फिटनेसचा कागद. फाइल जाड असते. तिच्यातला प्रत्येक कागद पेशंटसमोर बसून कुणी वाचला का, हा वेगळा प्रश्न.

सरसकट तपासण्यांच्या बाजूने वैद्यकशास्त्र फारसं उभं नाही, हे आधी मान्य करायला हवं. २००० साली अमेरिकेत मोतीबिंदूच्या १८ हजारांहून अधिक रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांच्या शस्त्रक्रियेआधी नेहमीच्या रक्ततपासण्या आणि ईसीजी केले, अर्ध्यांचे केले नाहीत. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक सूत्रंही निरोगी माणसाच्या छोट्या शस्त्रक्रियेआधी सरसकट चाचण्या करू नका, असंच सांगतात. यामागचं गणित सोपं आहे. प्रयोगशाळेतली 'नॉर्मल' मर्यादा अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतले पाच तिच्या बाहेर पडावेत. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एखाद्या धडधाकट माणसाच्या केल्या, तर त्यातली निदान एक तरी बिघडलेली दिसण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग त्या एका आकड्यामागे आणखी चाचण्या, आणखी खर्च, आणखी धास्ती. आणि शेवटी बहुतेक वेळा काहीच नाही.

असं असेल तर जाड फाइलवर टीका करून लेख संपवता आला असता. पण मोतीबिंदू आणि पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया यांत एक फरक आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. मोतीबिंदू काढला नाही तर माणूस आंधळा होईल. ॲपेंडिक्स काढलं नाही तर ते फुटेल. तिथे धोका पत्करायचा तो आजाराच्या धोक्याशी तोलून. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेत तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आजार नसतो. म्हणून सर्जन ज्या धोक्याकडे आजारी माणसाच्या बाबतीत काणाडोळा करेल, तोच धोका इथे शस्त्रक्रिया पुढे ढकलायला किंवा नाकारायला पुरेसा ठरतो. चाचण्यांचा आकडा वाढवा, असा याचा अर्थ नाही. 'नको' म्हणण्याची पातळी खाली आणा, असा आहे. आणि ही पातळी कुठलंही मशीन ठरवत नाही, माणूस ठरवतो.

आता चाचणीला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते पाहू. लायपोसक्शननंतरच्या मृत्यूंचा एक मोठा आढावा २००० सालीच अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित प्लास्टिक सर्जननी केलेल्या सुमारे पाच लाख शस्त्रक्रियांमध्ये ९५ मृत्यू, म्हणजे साधारण पाच हजारांत एक. त्यांत सर्वांत मोठा वाटा फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीचा. ही गुठळी होणार की नाही हे नेहमीच्या रक्ततपासणीत कळत नाही. ते कळतं विचारल्यावर. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? घरात कुणाला पायात गुठळी झाली होती का? लागोपाठ गर्भपात झालेत का? गेल्या आठवड्यात अमेरिकेहून विमानाने आलात का? सुट्टीवर आलेल्या अनिवासी मुलीला हा शेवटचा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण आल्या आठवड्यात ऑपरेशन आणि दोन आठवड्यांनी परत, असा तिचा हिशेब असतो. चार तासांत पोट, मांड्या आणि स्तन असं सगळं एकदम उरकून घेणाऱ्या पॅकेजात गुठळीचा धोका वाढतो, हे सांगायलाही रक्त काढावं लागत नाही.

नितंबांत चरबी भरण्याच्या शस्त्रक्रियेचं तर आणखीच वेगळं. २०१७ साली तिच्यातल्या मृत्यूचं प्रमाण तीन हजारांत एकाच्या आसपास आहे असा अंदाज समोर आला आणि जगभरच्या सर्जन संघटना हादरल्या. कारण होतं स्नायूत खोल टोचलेली चरबी मोठ्या शिरांमध्ये शिरून फुप्फुसापर्यंत जाणं. इथे रुग्णाची कितीही तपासणी करा, उपयोग शून्य. तपासायचं होतं ते सर्जनचं तंत्र.

'भूल फक्त लोकल आहे, काही तपासायला नको,' हे वाक्य क्लिनिकांत सर्रास ऐकू येतं. लायपोसक्शनमध्ये लोकल भूल म्हणजे दात काढताना देतात तेवढं इंजेक्शन नव्हे. लिग्नोकेन आणि ॲड्रेनलिन घातलेलं काही लिटर द्रव कातडीखाली भरलं जातं. हे लिग्नोकेन हळूहळू रक्तात उतरतं, आणि रक्तातली त्याची सर्वांत जास्त पातळी बऱ्याचदा आठ ते सोळा तासांनी येते. तोवर पेशंट घरी पोहोचून वरणभात खाऊन झोपलेला असतो. ते लिग्नोकेन मोडतं यकृत. बुरशीवरच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं यकृताचं हे काम मंदावतात. या औषधांची नावं पेशंटने सांगितली तर बरं, नाही तर ती कुठल्याही रिपोर्टात उमटत नाहीत. वजन कमी करायची आठवड्याला एक टोचायची नवी इंजेक्शनं भारतात २०२५पासून मिळू लागली आहेत. ती पोट रिकामं व्हायला उशीर लावतात. उपाशी आलेल्या माणसाच्या पोटात अन्न असू शकतं आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. नेमके हेच लोक, वजन उतरल्यावर सैल पडलेली कातडी काढून घ्यायला सर्जनकडे येतात.

एवढं म्हटल्यावर, चाचण्या सोडा, नुसतं विचारा, असा निष्कर्ष निघेलसं वाटेल. तो महाराष्ट्रात तरी चालणार नाही. ब्रिटनमधल्या निरोगी तरुणीचं हिमोग्लोबिन न तपासता पुढे जाता येईल. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या गटात दोघींपैकी एकीत दोष सापडतो तिथे ती चाचणी सरसकट राहत नाही, नेमकी होते. आयसीएमआरच्या २०२३च्या अहवालानुसार देशात दहा कोटी मधुमेही आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे याचा पत्ताही नाही. गडचिरोली, नंदुरबारकडून आलेल्या पेशंटचं सिकलसेल पाहायलाच हवं. परदेशी सूत्रं आणून इथे चिकटवणं जितकं चूक, तितकंच इथल्या फाइलीत सगळ्यांसाठी एकच यादी छापणं चूक.

आणखी एक प्रश्न इथला भूलतज्ज्ञ विचारतो आणि परक्याला तो आगाऊपणा वाटेल. तो जात विचारतो. आर्य वैश्य, म्हणजे मराठवाडा-विदर्भातले कोमटी, यांच्यात एका विकराची जन्मजात कमतरता बऱ्याच प्रमाणात आढळते. स्नायू सैल करण्यासाठी देतात ते स्कोलिन या विकरामुळे एरवी काही मिनिटांत उतरतं. ती कमतरता असलेल्यांत ते तासन्‌तास उतरत नाही, आणि तेवढा वेळ श्वास यंत्राने द्यावा लागतो. यंत्र असेल तर माणूस सुखरूप बाहेर येतो. सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या क्लिनिकात ते असेलच असं नाही. जन्माने कोमटी आणि लग्नाने दुसऱ्या आडनावाची झालेली बाई आली, तर नुसत्या आडनावावरून काही कळणार नाही. माहेरचं विचारावं लागतं.

विचारण्याचंही एक कसब आहे. चेहऱ्याची कातडी ताणून बसवण्याच्या शस्त्रक्रियेत सिगारेट ओढणाऱ्यांची कातडी मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा बारापट असल्याचं १९८४च्या एका अभ्यासात दिसलं होतं. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि सोडवलेल्या कातडीला रक्त पोहोचत नाही. म्हणून फॉर्मवर छापील प्रश्न असतो, धूम्रपान करता का? पन्नाशीची बाई त्यावर 'नाही' अशी खूण करते आणि ते खरंही असतं. पण सकाळी उठल्यावर हिरड्यांना मिश्री लावल्याशिवाय तिला परसाकडे होत नाही. मिश्रीतही निकोटिनच. 'मावशी, मिश्री लावता का?' असं कुणी विचारलं तर ती लगेच सांगेल, त्यात तिला लपवण्यासारखं काही वाटत नाही. इंग्रजी फॉर्म भरून घेणारी रिसेप्शनवरची मुलगी हे विचारत नाही. भूलतज्ज्ञाचा 'दोन जिने न थांबता चढता का, की मध्ये दम लागतो?' हा प्रश्नही असाच फुकटचा आणि मोलाचा. लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्याला तो फिरवून विचारावा लागतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असूनही झोपून काढलेला ईसीजी स्वच्छ येऊ शकतो. जिना चढताना मात्र हृदयाचं सोंग उतरतं.

एरवीच्या ऑपरेशनला आपल्याकडे पेशंटबरोबर घर येतं. नवरा, सासू, एखादी आत्या. डॉक्टर पेशंटला विचारतात आणि उत्तर आत्या देते, 'अहो, हिला लहानपणी दम्याचा त्रास होता, आणि पेनिसिलिनने अंगावर गांधी आल्या होत्या.' या आत्यांनी किती जीव वाचवले असतील याची नोंद कुठे नाही. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला माणूस एकटा येतो, बऱ्याचदा चोरून. २०२२च्या मे महिन्यात बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड मालिका अभिनेत्री गेली. आम्हाला तिने सांगितलंच नव्हतं, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. लपवण्यामागे समाजाची टीका असते, घरचे 'कशाला ही थेरं?' म्हणतील याची भीती असते. लाजेमुळे पूर्वेतिहासाचा अर्धा भाग घरीच राहतो. म्हणून इथे विचारणाऱ्याने दुप्पट वेळ द्यायला हवा. प्रत्यक्षात तो सगळ्यात कमी मिळतो.

फाइलीतली काही पानं तर पेशंटसाठी नसतातच. एचआयव्हीची चाचणी घ्या. ती पेशंटच्या जिवासाठी नाही, थिएटरातल्या लोकांच्या धास्तीसाठी केली जाते. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की माहितीपूर्ण संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि ती पॉझिटिव्ह आली म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. प्रत्येक रुग्णाला संसर्ग आहे असं धरूनच हातमोजे, चष्मे, सुया हाताळायच्या, हा जगन्मान्य नियम आहे. आपल्याकडे मात्र ही चाचणी नाव नोंदवतानाच उरकली जाते, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की अचानक 'सर बाहेरगावी गेलेत'. दुसरीकडे मूल होण्याच्या वयातल्या बाईला पाळी कधी आली होती हे विचारून गरज पडली तर गर्भारपणाची साधी चाचणी करायची, तर ती त्या यादीत असेलच असं नाही.

हे सगळं कुणाला माहीत नाही असं नाही. चांगला प्लास्टिक सर्जन यातलं एकूण एक जाणतो. मग घडत का नाही? मला वाटतं, कारण पैशाच्या वाटेत आहे. सरकारसुद्धा कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला आरोग्यसेवा मानत नाही. आरोग्यसेवा जीएसटीमुक्त असताना यावर १८ टक्के कर लागतो. जखम, भाजणं किंवा जन्मजात व्यंग दुरुस्त करायचं असेल तरच सूट. आरोग्यविमा सहसा यातलं काही देत नाही. मग हा सौदा ग्राहक आणि विक्रेता यांच्यातला होतो. इन्स्टाग्रामवर जाहिरात, पांढऱ्या कोटातली 'काउन्सेलर', जी डॉक्टर असेलच असं नाही, हप्त्याची सोय, 'आज बुक केलंत तर इतके कमी', आणि आगाऊ रक्कम. तपासणी येते ती आगाऊ रक्कम भरल्यानंतर. त्या क्षणापासून सगळ्यांनाच ऑपरेशन व्हायला हवं असतं, पेशंटलाही. लग्नाची तारीख धरलेली असते, हॉल बुक असतो. अशा वेळी आठचं हिमोग्लोबिन आलं की लोहाच्या गोळ्या देऊन दोन महिने थांबा, असं सांगणारा सगळ्यांच्या नजरेत विघ्नसंतोषी ठरतो. फिटनेस देणारा फिजिशियन सर्जननेच पाठवलेल्या पेशंटवर अवलंबून असेल, तर त्याचा हात 'अनफिट' लिहायला किती धजेल? कट प्रॅक्टिस हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. तिला आळा घालण्यासाठी राज्याने २०१७मध्ये कायद्याचा मसुदाही केला होता. तो मसुदाच राहिला.

केशरोपणात हे सगळं अधिकच उघडं पडतं, कारण तिथे ते ऑपरेशन आहे असंच लोकांना वाटत नाही. २०१९च्या मार्चमध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत साडेनऊ हजारांच्या आसपास केस लावल्याच्या बातम्या होत्या, आणि संशय तीव्र ॲलर्जीचा होता. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला स्पष्ट सांगावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून या शस्त्रक्रिया करण्याइतकं प्रशिक्षण मिळत नाही. हे सांगावं लागतं यातच सगळं आलं.

मनाची तपासणी हा यातला सर्वांत अवघड भाग. काही लोकांना आपल्या शरीरातलं कुणालाही न दिसणारं व्यंग दिसत राहतं. दिवसाचे कित्येक तास ते आरशात घालवतात, एक नाक झालं की दुसऱ्यांदा तेच नाक करून घेतात. हा आजार आहे आणि शस्त्रक्रियेने तो बरा होत नाही, उलट बळावतो. सर्वसामान्यांत तो शंभरातल्या दोघांना असतो, कॉस्मेटिक सर्जनकडे येणाऱ्यांत त्याच्या कितीतरी पट. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३पासून नियम केला की आधी नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी, मान्य प्रश्नावलीने या आजाराची चाचपणी हवी, पहिल्याच भेटीत संमती घ्यायची नाही आणि संमतीनंतर निदान सात दिवस थांबायचं. त्या सात दिवसांत आगाऊ रक्कमही घ्यायची नाही. मला यातली शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. माझं शरीर, माझे पैसे. तपासणीच्या नावाखाली डॉक्टर मला शहाणपण शिकवणार, पन्नाशीच्या बाईला 'या वयात कशाला?' म्हणणार, मुलीला 'आहेस तशी छान आहेस' असं सांगून परत पाठवणार. असे डॉक्टर आहेत. इच्छेची तपासणी करायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही. नाक कसं हवं हा डॉक्टरचा प्रश्न नाही. त्या नाकासाठी भूल दिली तर हृदयाला ती झेपेल का, एवढाच त्याचा प्रश्न. निवडीचं स्वातंत्र्यही त्या उत्तरावरच अवलंबून आहे. आपल्या हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली आहे हे ज्या बाईला ठाऊकच नाही, तिने निवड केली असं कसं म्हणायचं?

म्हणून मला नव्या चाचण्यांच्या यादीत रस नाही. मला रस आहे तो भूलतज्ज्ञाच्या फीमध्ये. आपल्या शहरांतले बरेच भूलतज्ज्ञ एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात धावतात आणि केसमागे पैसे घेतात. पेशंटला ते पहिल्यांदा पाहतात ते टेबलावर, सलाईन लागल्यावर. त्या वेळी केस रद्द केली तर त्या दिवसाची कमाई जाते, आणि पुढच्या वेळी बोलावणं दुसऱ्याला जातं. हे उलटवता येईल. भूलतज्ज्ञाने पेशंटला आठवडाभर आधी, सर्जनच्या काउन्सेलरच्या गैरहजेरीत, निवांत भेटावं. त्या भेटीची फी पेशंटने थेट त्यालाच द्यावी, मग ऑपरेशन होवो वा न होवो. आगाऊ रक्कम त्याच्या सहीनंतरच घेतली जावी. सही नाकारली तर पेशंटचं नुकसान त्या एका भेटीच्या फीपुरतं. दवाखान्यांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्राकडे १९४९पासूनचा कायदा आहे आणि त्याचे नियम वेळोवेळी बदललेही आहेत. त्या नियमांत ही दोन-तीन वाक्यं बसवायला फार शाई लागणार नाही. विरोध होईल तो क्लिनिकांच्या जाहिरात विभागाकडून. आणि माझा अंदाज आहे, काही पेशंटकडूनही, ज्यांच्या लग्नाला तीन आठवडे उरलेत.